पाटलाचे दोन अंगठे

बाबूजींनी सुपारी अर्धी कातरली होती. तेवढ्यात पाहुण्या म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली, कानामागे खाजवलं आणि आमच्या ओसरीवर, माझ्या बापासमोर, जीभ बाहेर काढली.

अडकित्ता तिथेच थांबला.

जीभ फार नव्हती काढली. वैद्याला दाखवावी तेवढीच. पण पोलीस पाटील चिंधूजी कापगते यांना गावात आजवर कोणी एवढीही दाखवली नव्हती. मी दाराआड पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. पाणी हिंदकळून माझ्या पायावर पडलं.

म्हाताऱ्याचं नाव पाल्देन. आमच्या तलावाच्या पलीकडे तिबेटी लोकांची वसाहत होती. गाव तिला नुसतं 'कँप' म्हणायचं. आपला देश सोडून आलेली ही माणसं सरकारने आमच्या झाडीत, धानाच्या मुलुखात आणून बसवली होती, आणि पाल्देन त्यांचा मुखिया होता. सोबत डोल्कर होती, कँपच्या दवाखान्यातली नर्स. लस टोचायला ती आमच्या गावात यायची आणि टोचता टोचता मराठी शिकली होती. तिची मराठीही तशीच होती. जराशी टोचायची, पण लवकर संपायची.

काम माझंच होतं. कँपच्या शाळेत मराठी शिकवायला कोणी नव्हतं. तिथली पोरं पुढे तालुक्याच्या शाळेत जायची आणि पहिल्याच चाचणीत आपटायची. लस घेताना रडणाऱ्या लेकरांना मी गोष्टी सांगून गप्प करते, हे डोल्करने पाहून ठेवलं होतं. मी मॅट्रिक होऊन घरीच बसले होते. जमेच्या बाजूला एक सर्टिफिकेट, आणि खर्चाच्या बाजूला तांदळातले खडे निवडण्यात गेलेले दिवस. मला ती नोकरी हवी होती. इतकी हवी होती, की त्या आठवड्यात मी मायला एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं. माय म्हणूनच घाबरली होती.

"पाटीलजी," डोल्कर म्हणाली, "तुमची मुलगी आमची मुलं शिकवेल. सकाळी जाईल, दुपारी येईल. तुम्ही हो बोला."

बाबूजी बोलले नाहीत. पण अडकित्ता पुन्हा सुरू झाला. जिभेचं त्यांनी बहुधा वयावर सोडून दिलं असावं. मायने मला मागून चिमटा काढला. अडकित्ता चालू आहे तोवर माणूस विचार करतोय, हा आमच्या घरचा नियम होता. सुपारी बारीक होत होती. पातळ काप पडले म्हणजे उत्तर बरं येणार, हाही नियम होता.

पण हे नियम पाल्देनला कुठून माहीत असणार? त्याला ती शांतता नकाराची वाटली. तो चटईवरच पुढे सरकला, दोन्ही मुठी वळल्या, दोन्ही अंगठे उभे केले आणि बाबूजींच्या नाकासमोर धरून हलवू लागला. तोंडाने काहीतरी पुटपुटत होता.

ठेंगा. तोही दोन्ही हातांनी.

बाबूजी उठले. सगळे पातळ काप अंगणात गेले, आमची कोंबडी धावली.

"कौतिके," ते म्हणाले, "दार लाव."

मी दार लावलं. फटीतून पाहिलं तर पाल्देन अजून बसूनच होता. हात तसेच वर, आणि अंगठ्यांच्या वर त्याचा चेहरा अगदी गोंधळून गेलेला.

संध्याकाळी चावडीवर बाबूजींनी चारचौघांत सांगून टाकलं, "त्या लोकायले माझ्या तोंडून 'हो' ऐकाले भेटणार नाही. जिता हावो तोवर नाही."

ही बातमी आमच्या घरी आणली सोमाजीकाकाने. सोमाजी लंजेवार हा बाबूजींचा बालमित्र आणि गावचं वर्तमानपत्र. छपाईत थोडी भर घालायचा, पण अंक कधी चुकवायचा नाही.

"वैनी, काय आवाज होता पाटलाचा," तो मायला म्हणाला. "तलावातले बगळे उडाले."

"बगळे सांजच्याले उडतेतच," माय म्हणाली.

बाबूजींचा शब्द म्हणजे काय चीज होती, ते सांगायला हवं. मायच्या माहेरी एका लग्नात मामाने पंगतीत वांग्याची भाजी आधी दुसऱ्या जावयाला वाढली. बाबूजींनी पानावरून न उठता सांगितलं, वांगं बंद. मामा नंतर पाया पडून गेला, माफी झाली, मामाशी बोलणं सुरू झालं. वांगं मात्र बंदच राहिलं. मायला वांगं आवडायचं, ती शेजारी जाऊन खाऊन यायची.

त्या रात्री माझ्या पानात भात वाढताना ती हळूच म्हणाली, "तुही नोकरी आता वांगं झाली, बाई."

मी दोन दिवस रडले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा खडे निवडायला बसले. नागपूरकडच्या एका स्थळाचं बोलणं घरात सुरू झालं. मुलगा चांगला आहे, असं सगळे म्हणायचे. म्हणजे त्याच्याबद्दल दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं.

मग ढवळ्या पळाला.

पोळा होऊन गेला होता. शिंगांवरचा रंग अजून उतरला नव्हता. पोळ्याला एक दिवस मान मिळाला की काही बैलांना तो वर्षभर टिकतो असं वाटतं, आमचा ढवळ्या त्यातला. दावं तोडून तलावाची पाळ, म्हणजे बांध, ओलांडून तो कँपच्या मक्यात शिरला. दुपारी डोल्करचा निरोप आला, बैल आमच्याकडे आहे, घेऊन जा.

बाबूजींच्या कपाळावरची शीर उभी राहिली. ज्याला दारातून घालवलं, त्याच्या दारात बैल मागायला जायचं. शिवाय ढवळ्या माझ्याशिवाय कोणाच्या मागे चालायचा नाही. बाबूजींनी ओढलं तर तो बसायचा. दोघांचा स्वभाव एकच होता. म्हणून मला न्यावं लागलं. आणि भांडण झालं तर साक्षीदार हवा म्हणून सोमाजीकाका निघाला. त्याला न बोलावताही तो आला असता.

वाटेत बाबूजींनी बजावलं, "तू बैल सोडजो, घेजो, चालजो. बोलू नको."

"हो, बाबूजी."

"मक्याची भरपाई देऊ. उपकार नाही पाहिजे त्यायचे."

कँपमध्ये भांडणाची काही सोय दिसली नाही. ढवळ्या एका झाडाखाली मक्याची धाटं खात होता. त्याच्या शिंगाला कोणीतरी लाल लोकरीचा गोंडा बांधला होता आणि तो पोळ्याच्या दिवसासारखाच मिजाशीत होता. पाल्देनने पडवीत गालिचा अंथरला, बाबूजींना आणि सोमाजीकाकाला बसवलं. मक्याचं नाव काढलं तर त्याने हात झाडले. मग चहा आला.

तो चहा मी नंतर खूप प्यायले, म्हणून सांगते. त्यात लोणी असतं आणि मीठ असतं. चहा म्हणून प्यायला तर माणूस फसतो, पातळ कढी म्हणून प्यायला तर निभावतो. बाबूजी चहा म्हणून प्यायले. त्यांच्या मिशा एकदा वर गेल्या, एकदा खाली आल्या. पण पानातलं, पेल्यातलं टाकायचं नाही हा त्यांचा नियम होता. उष्टं टाकणाऱ्याला ते गावाच्या पंगतीत उभं करायचे. पेला रिकामा करून त्यांनी सुटकेने खाली ठेवला.

पाल्देनचा चेहरा उजळला. त्याने पेला काठोकाठ भरला.

सोमाजीकाकाने एकच घोट घेतला होता आणि पेला गुडघ्यामागे लपवला होता. त्याला कोणी विचारलं नाही.

मी ढवळ्यापाशी उभी होते. डोल्कर जवळ आली. "बैल चांगला आहे," ती म्हणाली. "पण लाजत नाही."

"घरच्यासारखं वाटलं असेल त्याला."

ती हसली, मग पडवीकडे बघून म्हणाली, "तुझे वडील खूप चहा पितात. पेला रिकामा करतो, तो अजून मागतो. भरलेला ठेवून उठायचं असतं."

मी दुरूनच बाबूजींकडे बघून जोरजोरात मान हलवली, पिऊ नका. बाबूजींना वाटलं, बैल ठीक आहे. त्यांनीही मान हलवली आणि पेला उचलून संपवला. पाल्देनने भरला.

तेवढ्यात दोन म्हाताऱ्या बाया पडवीसमोरून चालल्या. पाल्देन दिसताच थांबल्या, वाकल्या आणि दोघींनी जीभ बाहेर काढली. पाल्देनने त्यांना हात केला. त्या निघून गेल्या.

"पाहा पाटील," सोमाजीकाका म्हणाला, "आपसातही वेडावतेत. लाज म्हणून नाही."

बाबूजी पेल्यात बघत होते.

पडवीच्या कोपऱ्यात एक आजी दुधाच्या वड्या दोऱ्यात ओवत बसली होती, दगडासारख्या कडक होतात तशा. एक चिमुरडी तिच्यापुढे आली आणि एक अंगठा वर केला. आजीने नकारार्थी मान हलवली. पोरीने दुसराही अंगठा वर केला, दोन्ही मुठी हनुवटीपाशी आणून हलवायला लागली, डोळे मोठे केले, काहीतरी पुटपुटू लागली. आजीने बघून न बघितल्यासारखं केलं. पोर हटेना. शेवटी आजीने एक वडी तोडून तिच्या तोंडात कोंबली आणि डोक्यावर टपली मारली.

माझ्या हातातलं दावं सैल पडलं.

"डोल्कर," मी म्हणाले, "ती पोरगी अंगठे का दाखवते?"

"मागते ना. विनंती करते. खूप खूप विनंती."

"आणि जीभ?"

"मोठ्या माणसासमोर म्हातारे लोक करतात. माझ्यात वाईट काही नाही, बघा, असं." तिने माझ्याकडे पाहिलं. "का? तुमच्यात काय?"

मी सांगितलं. आधी तिला कळलं नाही, म्हणून करून दाखवलं. ढवळ्याच्या आडोशाला उभं राहून मी तिला ठेंगा दाखवला, वाकुल्या दाखवल्या, आणि हे आमच्यात कधी, कोणाला, कशासाठी करतात तेही सांगितलं. डोल्करने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. हसते आहे की रडते आहे ते कळेना. मग ती तशीच पडवीकडे पळाली आणि पाल्देनच्या कानाला लागली.

मी बाबूजींकडे गेले. "बाबूजी, मला काही सांगायचं आहे."

"बोलू नको म्हटलं होतं."

"पण ते त्या दिवशी..."

"कौतिके. चहा पिऊ दे."

सोमाजीकाकाचे दोन्ही कान माझ्याकडे वळलेले. त्याच्यासमोर बोलले असते तर संध्याकाळी चावडीवर माझं वाक्य दुप्पट होऊन पोचलं असतं, आणि बाबूजींची माघारही. मी परत बैलाकडे गेले.

पाल्देन सावकाश उठला. एवढा मोठा माणूस, पण चेहरा शाळेत चूक सापडलेल्या पोरासारखा झाला होता. तो बाबूजींसमोर आला, टोपी काढली, जीभ आत ठेवण्यासाठी ओठ घट्ट मिटून घेतले आणि दोन्ही हात जोडले. हात नीट जुळत नव्हते, अंगठे सवयीने वर उठत होते. ते तो पुन्हा पुन्हा खाली दाबत होता.

"पाटीलजी," डोल्कर म्हणाली, "हे पुन्हा मागतात. मुलीसाठी. शाळेसाठी."

आजूबाजूला कँपची माणसं जमली होती. पाळेवर गावातली गुराखी माणसं थांबून बघत होती. बाबूजींच्या हातात सुपारी नव्हती, अडकित्ता नव्हता. ते कसा विचार करणार, हेच मला कळेना.

त्यांनी पेला खाली ठेवला. काठोकाठ भरलेला. मग उठले, धोतर झटकलं, माझ्या हातून ढवळ्याचं दावं घेतलं आणि चालायला लागले; मी सोबत होते म्हणून ढवळ्याही निघाला. चार पावलांवर थांबले. वळले. दावं काखेत धरलं. पोलीस पाटील चिंधूजी कापगते यांनी सगळ्या कँपसमोर आणि पाळेवरच्या अर्ध्या गावासमोर पाल्देनकडे बघून जीभ काढली. मग दोन्ही अंगठे वर केले, मुठी छातीपाशी आणल्या आणि हलवल्या.

"वा पाटील," सोमाजीकाका मागून म्हणाला. "फेडलं बाप्पा. व्याजासकट."

बापाने भर अंगणात दिलेली शिवी होती ती, आणि जमा होत होती भलत्याच खात्यात. पाल्देनचे डोळे भरून आले. त्याने आत जाऊन एक लांब पांढरा रेशमी शेला आणला, बाबूजींच्या गळ्यात घातला, आणि आपलं कपाळ त्यांच्या कपाळाला टेकवून तसाच उभा राहिला. बाबूजी हलले नाहीत. ढवळ्यासुद्धा हलला नाही.

"डोकं टेकवलं," सोमाजीकाका माझ्या कानात म्हणाला. "शेला देऊन माफी मागून राह्यले. भेले पाटलाले."

परतीच्या वाटेवर तो पुढे पुढे चालत होता, अंक लवकर काढायचा होता त्याला. डोल्कर निघताना माझा हात दाबून म्हणाली होती, "सोमवारी." मी काय सांगणार होते तिला? माझ्या बापाने तुम्हाला शिवी दिली, आणि तुम्ही तिचा होकार धरला, असं?

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात शेण काढत होते. बाबूजी दातण चघळत आले. ढवळ्याच्या शिंगाचा लाल गोंडा त्यांनी नीट केला.

"कव्हापासून जायचं हाये?"

"कुठे?"

"शाळेत."

मी टोपली खाली ठेवली. "बाबूजी, तुम्ही तर हो म्हणाला नाही."

"म्हणणारच नाही. चावडीत बोललो हावो. तोंडातून 'हो' निघालं का माझ्या?"

"जीभ निघाली."

"जीभ निघाली," ते शांतपणे म्हणाले. "शब्द नाही निघाला."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? अंगठ्याचं?"

"ते लहान पोरगी वडी मागत होती, तव्हा माझे डोळे काय मिटले होते?" त्यांनी दातण दुसऱ्या गालात घेतलं. "एका अंगठ्यानं तिले नाही भेटली. दोन केले तं भेटली. बाया त्या म्हाताऱ्यासमोर जीभ काढून गेल्या. मुखियाले कोणी वेडावते का? आणि सोम्या म्हणे, आपसात वेडावतेत." ते थुंकले. "पोलीस पाटील काय मी असाच राह्यलो एवढी वर्सं?"

"मग तुम्ही मागितलंत काय त्यांना?"

ढवळ्याच्या मानेवरून ते हात फिरवत राहिले. इतका वेळ, की बैलालाच संशय आला असावा.

"पोरगी सांभाळा, म्हटलं," ते म्हणाले. "आमच्या भाषेत नाही म्हणता येत. हात जोडले असते तं गावानं पाहिलं असतं."

सोमवारी सकाळी मी निघाले तेव्हा चावडीपाशी सोमाजीकाकाने बाबूजींना अडवलं. "काय पाटील, पोरगी कँपात चालली? परवा तं ठेंगा दाखवला त्यायले."

"मंग?" बाबूजी म्हणाले. "पाटलाले ठेंगा दाखवू नये, हे कोणी तं शिकवलं पाहिजे त्यायच्या पोरायले. शाळेत नाही शिकवणार तं कुठं शिकवणार?"

सोमाजीकाकाला ते पटलं. गावालाही पटलं. दुपारपर्यंत घरोघरी पोचलं, की पाटलाची पोरगी कँपच्या लोकांना रीतभात शिकवायला जाते. नागपूरच्या स्थळाला कळवून टाकलं, मुलगी सध्या सरकारी कामात आहे. सरकारी नव्हतं, पण ते सोमाजीकाकाने छापलेलं, आम्ही दुरुस्ती दिली नाही.

पुढे मी त्याच शाळेत हेडबाई झाले. मी शिकवलेली पोरं आज दूर दूर आहेत, आणि फोनवर माझ्याशी झाडीतली मराठी बोलतात. पण ते नंतरचं.

त्या सोमवारी बाबूजी मला तलावाच्या पाळेपर्यंत पोचवायला आले. पुढे यायला तयार नव्हते, "शेतात काम हाये" म्हणाले. मी पाळ चढले, अर्ध्यावर गेले आणि मागे वळले. ते अजून तिथेच होते. त्यांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग सोमाजी कुठे नाही ना म्हणून मागेही पाहिलं. आणि दोन्ही अंगठे वर करून छातीशी हलवले.

पाळेवर कोणी नव्हतं. मी डोक्यावरचा पदर सारखा केला, कानामागे खाजवलं, आणि कापगते पाटलाची मॅट्रिक पास पोरगी आपल्या बापाला जीभ दाखवून शाळेकडे वळली.